इकडचा मासा तिकडे

वॉलॉंगॉंगला आल्यावर पहिलं दीड वर्ष मी मेलेले मासे मोजायचं काम केलं. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे तिकडे फिश मार्केटात लागलीस का?"

वसईत मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन होते. नवऱ्याला सिडनीत नोकरी लागली आणि आम्ही तीन वर्षांच्या मुलीला घेऊन इकडे आलो. भाडं परवडतं म्हणून घर सिडनीपासून दीड तासावरच्या वॉलॉंगॉंगला घेतलं. तो आठवड्यातून तीन दिवस ट्रेनने सिडनीतल्या पॅरामॅटाला जायचा, उरलेले दिवस घरून काम. माझी डिग्री इथे मान्य व्हायला कागदपत्रं, परीक्षा, पुन्हा कागदपत्रं असं सगळं होतं. तोपर्यंत घरी बसवेना. आमच्या चर्चच्या नोटीस बोर्डावर एक हाताने लिहिलेली चिठ्ठी लागली होती: 'लॅबकामाची सवय असलेली, सावकाश काम करणारी व्यक्ती हवी आहे.' मी फोन केला.

चिठ्ठी लावणारे एक निवृत्त मत्स्यशास्त्रज्ञ होते. वय अठ्ठ्याहत्तर. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर होतं आणि घरामागच्या गॅरेजमध्ये गाडीच्या जागी भिंतभर फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या. बायको वारली होती, मुलगा पर्थला. मला नावाने हाक मार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. इथे सगळे तसंच करतात. मी तोंडावर नावाने बोलवायचे, पण मनात ते कायम 'सर'च राहिले. त्यामुळे इथेही सरच म्हणते.

सरांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं. आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यातले बोटभर लांबीचे मासे ओळखायचे, कुठला कोणाच्या जवळचा ते ठरवायचं आणि ज्याला नाव नाही त्याला नाव द्यायचं. त्यातही त्यांचा जीव पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका माशाच्या कुळावर. हे मासे नदीत नसतात, तळ्यातही नसतात. पावसाने साचलेल्या डबक्यात असतात. डबकं चार-पाच महिने टिकतं. तेवढ्यात मासे जन्मतात, वाढतात, चिखलात अंडी घालतात आणि डबकं आटलं की मरतात. अंडी सुक्या मातीत पडून राहतात, पुढचा पाऊस येईपर्यंत. नर अगदी लाल-निळा, दागिन्यासारखा. मादी मातीच्या रंगाची.

"एका डबक्यातला मासा दुसऱ्या डबक्यात जाऊ शकत नाही," सर म्हणायचे. "मध्ये कोरडी जमीन. म्हणून चार तासांच्या अंतरावर वेगळी जात सापडू शकते."

पण हे मासे आधी फॉर्मलिनमध्ये आणि मग अल्कोहोलमध्ये गेले की रंग उडून जातो. नर, मादी सगळे चहाचा डाग पडल्यासारखे दिसतात. मग राहतात फक्त परांमधले काटे आणि अंगावरचे खवले. सर ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. एका काट्याच्या फरकावरून या क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडतात, हे मला तिथे कळलं. मला पहिल्यांदा ते मासे बघून मांदेलीची आठवण झाली होती. ती मी सरांना सांगितली नाही.

माझं काम सोपं होतं. बरणीतलं अल्कोहोल कमी झालं असेल तर बदलायचं, जुनी लेबलं उतरवून नवीन लिहायची, वहीतली नोंद कॉम्प्युटरवर चढवायची. सरांचे हात संधिवाताने वाकडे झाले होते, म्हणून त्यांची ईमेलही मीच टाइप करायचे. ते खुर्चीत डोळे मिटून बोलायचे आणि मी लिहायचे.

त्या वर्षी ते दोन बरण्यांवर काम करत होते. दोन्हींतले मासे टांझानियाच्या किनाऱ्यावरून एका प्राध्यापक बाईंनी पाठवलेले. उत्तरेकडच्या डबक्यातले अकरा, दक्षिणेकडच्या डबक्यातले चौदा. सर आणि बाई मिळून एक पेपर लिहीत होते. उत्तरेचा मासा ही नवीन जात आहे, असं दोघांचं मत होतं. बाईंची एकच अट होती. त्यांना ते डबकं ज्या शेतकरी म्हातारीने दाखवलं, तिचं नाव त्या माशाला द्यायचं. सर लगेच तयार झाले होते. पेपर संपवायला बाई तीन महिन्यांसाठी वॉलॉंगॉंगला येणार होत्या. रजा मंजूर झाली होती, व्हिसाचा फॉर्म भरला होता. व्हिडिओ कॉलवर एकदा मला म्हणाल्या, "तिथे थंडी किती असते? मी कोट घेऊ का?" मी म्हटलं, "घ्याच. मी आल्यावर पहिला हिवाळाभर कुडकुडत होते."

एका सकाळी मी दोन्ही बरण्या उघडल्या. मासे दोन पांढऱ्या ट्रेमध्ये काढले, उत्तरेचे डावीकडे, दक्षिणेचे उजवीकडे. दोन बरण्या एका वेळी उघडायच्या नसतात. सरांनी बजावलं होतं, आणि त्यांनी बजावलं नसतं तरी मला ते ठाऊक होतं. वसईच्या लॅबमध्ये नवीन मुलींना मीच सांगायचे, एका वेळी एकच पेशंट टेबलावर. पण त्या दिवशी मला लवकर आटपायचं होतं.

तेवढ्यात चाइल्डकेअरमधून फोन आला. मुलीला ताप होता, घेऊन जा म्हणाले. फोन खिशात टाकताना माझं कोपर उजव्या ट्रेला लागलं. ट्रे हलला, पाणी सांडलं. मी फडक्याने पुसलं. दोन ट्रेंच्या मध्ये टेबलावर एक मासा पडला होता, छोटी मादी. चिमट्याने उचलून मी तो ट्रेमध्ये टाकला. मग दोन्ही बरण्या भरल्या, झाकणं लावली आणि पळाले.

मासा कुठल्या ट्रेमध्ये टाकला ते मला बसमध्ये आठवेना.

दुसऱ्या दिवशी सर डॉक्टरकडे गेले होते. मी बरण्या उघडून मोजलं. उत्तरेच्या बरणीत बारा, दक्षिणेच्या बरणीत तेरा. म्हणजे चूक झाली होती, पण एकाच माशाची. मला फक्त वहीत तेवढं लिहायचं होतं आणि सर आल्यावर सांगायचं होतं. मी पेन्सिल घेतली. ठेवली. पुन्हा मोजलं. परत बारा आणि तेरा.

त्याच आठवड्यात सर माझ्यासाठी शिफारसपत्र लिहून देणार होते. माझ्या डिग्रीच्या फाइलला जोडायला इथल्या कोणाचं तरी पत्र हवं होतं. मी उत्तरेच्या बरणीकडे बघत बसले. बारांत सात माद्या होत्या. सातही सारख्या. त्यांतली एक, मला त्यातल्या त्यात कालच्यासारखी वाटली ती, चिमट्याने उचलली आणि दक्षिणेच्या बरणीत टाकली. अकरा आणि चौदा. आकडे वहीप्रमाणे जुळले.

आधीची ती चूक होती. ही चूक नव्हती. मला तेव्हाही ते कळत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो मुलीचा ताप बघत होता. म्हणाला, "अगं, मासाच तर आहे. कोणाचं ब्लड सॅम्पल नाही ना?" मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

सरांचं पत्र चार दिवसांनी मिळालं. त्यात एक वाक्य होतं: लेबल आणि नोंदी यांच्या बाबतीत इतकी चोख व्यक्ती मी पाहिलेली नाही. मी थँक्यू म्हटलं. ते म्हणाले, "नो वरीज."

महिन्याभराने सरांनी त्या पंचवीस माशांची मोजणी सुरू केली. रोज दोन किंवा तीनच, कारण डोळे दुखायचे. एके दिवशी ते सूक्ष्मदर्शकावरून उठलेच नाहीत. मी चहा ठेवला तो तसाच निवाला. शेवटी म्हणाले, "दक्षिणेच्या बरणीत एक मादी अशी आहे की ती उत्तरेची वाटते. आणि उत्तरेच्या बरणीत एक दक्षिणेची."

म्हणजे मी भलतीच मादी उचलली होती. एका माशाची चूक आता दोन माशांची झाली होती, आणि दोन्ही बाजूंनी.

"याचा अर्थ काय होतो?" मी विचारलं.

"दोनच अर्थ. एक तर या दोन जाती नाहीतच, एकच जात आहे आणि माझं सगळं म्हणणं चुकीचं आहे. नाहीतर मासे पकडताना मिसळले. आणि दोन मिसळले असतील तर बाकीच्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

"डीएनए बघता येणार नाही का?"

"फॉर्मलिनमधल्या माशांचं? जवळजवळ अशक्य." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बस. बाईंना लिहूया."

मी बसले. ते बोलत होते आणि मी टाइप करत होते. सर उद्धट नव्हते. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं की बादल्या धुतल्या होत्या का, मदतीला विद्यार्थी होते का, लेबल त्याच जागी लिहिलं की नंतर. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत, की-बोर्डसमोर बसलं होतं. मी शेवटी त्यांचं नाव लिहिलं आणि सेंडचं बटण दाबलं.

बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मीच ते सरांना वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं की दोन्ही डबक्यांतले मासे त्यांनी वेगवेगळ्या दिवशी पकडले, मध्ये चार तासांचा रस्ता होता, बादली प्रत्येक वेळी तीनदा धुतली, आणि लेबल पाण्यात उभं राहून, मासा जिवंत असतानाच लिहिलं. 'माझ्याकडून हे झालेलं नाही,' असं शेवटी होतं.

"सगळे असंच म्हणतात," सर म्हणाले. ते चिडलेले नव्हते, दमलेले होते. "मीही तरुणपणी असंच म्हणायचो."

तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण सर पुढचं पत्र सांगायला लागले आणि मी लिहायला लागले. त्या पत्रात पेपर थांबवल्याचं होतं आणि तीन महिन्यांचं निमंत्रण तूर्त मागे घेतल्याचं होतं. 'तूर्त' हा शब्द मी सुचवला. सर म्हणाले, छान शब्द आहे.

बाईंचं त्यानंतर उत्तर आलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत माझी डिग्री मान्य झाली आणि मला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सरांच्या पत्राचा उपयोग झाला असं मुलाखतीत मला सांगितलं गेलं. मी गॅरेज सोडलं. तरी महिन्यातून एकदा सरांना भेटायला जायचे, वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानांत किराणा आणायला गेले की तिथून त्यांच्यासाठी नानकटाई घेऊन. ते खूश व्हायचे. त्यांना वाटायचं मी प्रेमाने येते. प्रेम होतंच. पण दर वेळी मी आधी फळीकडे बघायचे, त्या दोन बरण्या आहेत का.

दोन वर्षं अशी गेली. मग एकदा चहा पिताना सर म्हणाले, "तुला त्या बाई आठवतात? इतक्या दिवसांनी त्यांची मेल आली. शेजाऱ्याने वाचून दाखवली. उत्तरेचं डबकं गेलं. रस्ता रुंद केला, भराव टाकला. त्या पुन्हा मासे पकडून सिद्ध करायला गेल्या होत्या, तर डबकंच नाही."

"दुसरीकडे असतील ना ते मासे?"

"आसपास शोधलं म्हणतात. नाही मिळाले." त्यांनी फळीकडे हात केला. "म्हणजे जे काय आहे ते एवढंच. आणि त्याचाही भरवसा नाही."

मी घरी आले आणि जेवण केलं नाही. नवऱ्याला वाटलं मला बरं नाही.

त्याच सुमारास सिडनीत आमच्या वसईकरांची मराठी मिस्सा होती. गावाकडून एक फादर आले होते. मिस्सेआधी मी त्यांच्याकडे कन्फेशनला गेले आणि सगळं सांगितलं, डबकं, बरण्या, बारा, तेरा, ईमेल. फादर नीट ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "मासा केवढा होता म्हणालीस?" मी बोट दाखवलं. त्यांना हसू आलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. म्हणाले, "देवाला सांगितलंस ते बरं केलंस. पण दोष त्या बाईंवर आहे ना अजून? मग मला सांगून तिचं काय भलं होणार?"

पुढच्या शनिवारी सकाळी मी सरांकडे गेले. ते मागच्या अंगणात उन्हात बसले होते. आता त्यांना वाचताही येत नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. फोन, कोपर, फडकं, चिमटा. दुसऱ्या दिवशीचे आकडे. मी उचललेली मादी. काहीच वगळलं नाही. शिफारसपत्राचंही सांगितलं.

त्यांनी हातातला कप चाचपत खाली ठेवला. मग म्हणाले, "उत्तरेच्या बरणीतून तू एक काढलीस."

"हो."

"फक्त एक? शपथेवर?"

"एकच."

"म्हणजे दक्षिणेच्या बरणीतली जी मला खटकली होती, ती तू टाकलेली. आणि उत्तरेच्या बरणीत खटकली, ती टेबलावर पडलेली." ते बोटांवर हिशेब केल्यासारखे बोलत होते. "बाकीचे तेवीस स्वच्छ आहेत. तेवीस मासे स्वच्छ आहेत गं. मी बरोबर होतो. ती बरोबर होती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता ते मला रागावतील आणि मी तयार होते. पण ते म्हणाले, "फोन लाव तिला." टांझानियात तेव्हा पहाट होती म्हणून आम्ही दुपारपर्यंत थांबलो. ते तीन तास आम्ही अंगणातच बसलो. सरांनी एवढंच विचारलं, "मी त्या दिवशी ओरडलो असतो असं वाटलं तुला?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं. ते ओरडले नसते. त्यांनी वहीत नोंद केली असती आणि चहा मागितला असता. याचा मला सगळ्यांत जास्त त्रास झाला.

बाई स्क्रीनवर आल्या. केस बरेच पांढरे झाले होते. सरांनी आधी माफी मागितली, सरळ, कारणं न देता. मग म्हणाले, "हिला काही सांगायचंय," आणि फोन माझ्याकडे वळवला.

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. इंग्रजीत ते लहान आणि कोरडं वाटत होतं. बाईंनी मला मध्ये अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मी बादली तीनदा धुतली होती. हे मी डिपार्टमेंटमध्ये किती जणांना सांगितलं असेल. माझ्या विद्यार्थ्यांना वाटायचं मी विनोद करते."

"मला फार वाईट वाटतंय," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तेवीस माशांचे फोटो पाठवा. मोजपट्टी ठेवून काढा. दोन्ही बाजूंनी."

फोटो मी काढले. चार रविवार लागले. सरांना दिसत नसल्यामुळे काटे मी मोजायचे आणि ते विचारायचे, "नक्की? परत मोज." आधी ते असं कधी म्हणत नसत. ते दोन मासे आम्ही वेगळ्या बरणीत ठेवले आणि लेबलवर काय झालं ते मी स्वतः लिहिलं, तारखेसकट, माझ्या नावासकट. त्या बरण्या नंतर एका संग्रहालयात गेल्या.

पेपर पुढच्या वर्षी आला. बाईंचं नाव पहिलं, सरांचं दुसरं. माशाला त्या शेतकरी म्हातारीचं नाव मिळालं. ती तोपर्यंत वारली होती आणि तिचं डबकंही नव्हतं. बाई इकडे कधी आल्या नाहीत. तीन महिन्यांची ती रजा पुन्हा मिळाली नाही, आणि आता त्या मत्स्यखात्यात तळ्यांतल्या मत्स्यशेतीचं काम बघतात, असं सरांकडून कळलं. मी त्यांना एक लांब पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: पत्र मिळालं, फोटो स्पष्ट आहेत.

आभाराच्या यादीत सरांनी माझं नाव घातलं, मी नको म्हणत असताना. मासे वेगळे करण्यात मदत केल्याबद्दल, असं लिहिलंय.

मुलगी आता सात वर्षांची आहे. तिने तो छापील कागद टेबलावर पाहिला आणि माझं नाव शोधून काढलं. "मम, धिस इज यू. कॅन आय टेक इट फॉर न्यूज?" त्यांच्या शाळेत दर शुक्रवारी एकेकाने काहीतरी नेऊन वर्गाला दाखवायचं असतं. तिने कागद बॅगेत ठेवलाही.

मी तिला बसवलं आणि गोष्ट सांगितली, तिला समजेल तेवढी. ती मराठीत ऐकते आणि इंग्रजीत बोलते. तिने विचारलं, "डिड यू से सॉरी?"

"हो. म्हटलं."

"अँड डिड शी से इट्स ओके?"

"नाही."

मग बॅगेतून तो कागद काढून तिने परत टेबलावर ठेवला, आणि त्या शुक्रवारी शाळेत बीचवर सापडलेला एक शिंपला घेऊन गेली.